खरी आणि दुसरी

आमच्या वस्तीत माझ्या सासूबाईंना नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. लहानथोर सगळे त्यांना पेटीबाई म्हणायचे. खांद्याला अडकवलेली निळी बर्फाची पेटी, पायात रबरी बूट आणि वजनामुळे एका अंगाला कललेली चाल, अशा त्या गल्लीच्या तोंडाशी दिसल्या की पोरं आयांच्या मागे लपायची. पेटीतून सुई निघणार अशी त्यांची समजूत. खरं तर पेटीतून काही निघत नसे. वस्तीतल्या दवाखान्यात नर्स लहान मुलांचं रक्त काढायची आणि त्या रक्ताच्या नळ्या सासूबाई पेटीत घालून बसने नदीपलीकडच्या संशोधन केंद्रात नेऊन द्यायच्या. वाटेत नळ्या तापू नयेत म्हणून ती पेटी. बसमध्ये कुणी पेटीला टेकून उभं राहिलं तर त्या म्हणायच्या, "जरा सरकून उभे राहा, आत लेकरं आहेत." आणि तो माणूस दचकून बाजूला व्हायचा.

मी त्यांची सून. लग्न होऊन आले तेव्हा त्या प्रसूतिगृहात मदतनीस होत्या. अर्ध्या वस्तीची पहिली अंघोळ त्यांच्या हातची. पुढे ते प्रसूतिगृह बंद पडलं आणि त्या घरी बसल्या, म्हणजे माझ्यावर संकट आलं. कपडे कसे पिळावेत इथपासून भांडी कुठल्या अंगाने पालथी घालावीत इथपर्यंत मला सगळं नव्याने शिकावं लागलं. माझा नवरा वस्तीसमोरच्या काचेच्या कारखान्यात भट्टीवर कामाला. तो दमून घरी यायचा आणि आम्हा दोघींची तोंडं दोन दिशांना बघून पुन्हा बाहेर पडायचा. त्यामुळे संशोधन केंद्राला वस्तीतल्या कुणा ओळखीच्या बाईची गरज आहे असं कळलं, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मला झाला. खोटं कशाला बोलू?

केंद्राचं काम होतं झटक्याच्या तापावर. हे नाव आम्हा लोकांचं. सकाळी मूल फणफणतं, दुपारी मान ताठ होते, संध्याकाळपर्यंत झटके येतात. औषध लगेच मिळालं तर बरीच मुलं वाचतात, पण वाचलेल्यांतलं एखादं पुढे ऐकू येत नाही म्हणून गप्प गप्प राहतं. वस्तीत अशी मुलं प्रत्येक गल्लीत होती. या तापावर लस तयार करायचं काम केंद्रात कित्येक वर्षं चाललं होतं. आधी ती काचेच्या बश्यांत झाली, मग प्राण्यांत, मग तयारी असलेल्या मोठ्या माणसांना टोचून पाहिली. त्या मोठ्या माणसांत माझा नवराही होता. दंड दुखतो म्हणून त्याने त्या दिवशी पाण्याचा हंडा उचलला नाही, आणि पुढचा आठवडाभर तेच कारण सांगत राहिला. लस निर्धोक आहे असं ठरलं, आणि मग ती तान्ह्या मुलांत तपासायची वेळ आली.

सासूबाईंना केंद्रात शिकवणी होती. तिथल्या मोठ्या डॉक्टरबाई त्यांना शिकवायच्या. ताप कसा मोजायचा, कुठली लक्षणं दिसली की मुलाला थेट गाडीत घालायचं, आयांना काय सांगायचं, हे सगळं. पहिल्याच दिवशी त्या घरी आल्या त्या कपाळाला आठ्या घालून.

"निम्म्या मुलांना ही नवी लस देणार, थोड्या दिवसांच्या अंतराने दोनदा," त्या म्हणाल्या. "निम्म्यांना दुसरीच. तीही चांगलीच आहे, वेगळ्या आजारावरची, जुनी. पण झटक्याच्या तापाला तिचा उपयोग नाही."

"मग सगळ्यांनाच नवी का देत नाहीत?" मी विचारलं.

"मीही तेच विचारलं. बाई म्हणाल्या, सगळ्यांना दिली आणि यंदा ताप कमी आला, तर तो लशीने कमी आला की तापच यंदा कमी होता, हे कसं कळणार? म्हणून निम्मी-निम्मी. आणि कुणाला कुठली, ते कुणालाच माहीत नाही. डॉक्टरांनाही नाही."

"असं कसं?"

"माहीत असलं की माणूस एकाकडे जास्त बघतो, एकाकडे कमी. न ठरवताही बघतो." त्यांनी बूट काढले आणि पाय चोळत बसल्या. "मला ते पटलं, पण आवडलं नाही."

वस्तीतही त्या हे तसंच सांगायच्या. गोड करून सांगणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. कुठल्याही दारात बसल्या की आधी म्हणायच्या, "दोन तऱ्हेच्या सुया आहेत. तुझ्या बाळाला कुठली मिळेल ते मला ठाऊक नाही, डॉक्टरबाईंना ठाऊक नाही, आणि चिठ्ठ्या काढणाऱ्या ज्या मशीनला ठाऊक आहे त्याची इथे कुणाशी ओळखपाळख नाही. घ्यायचं तर हे सगळं समजून घे. नको म्हणालीस तरी बाळाचा ताप बघायला मी येणारच आहे." लोकांनी त्या दोन सुयांना आपापली नावं ठेवली. नवी ती 'खरी' आणि जुनी ती 'दुसरी'. सासूबाई सांगून दमल्या की दोन्ही खऱ्याच आहेत, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

तेव्हा आमचा ढब्बू अंगावर पीत होता. बायका साहजिकच विचारायच्या, "तुमच्या घरातलं लेकरू घातलंत का यात?" सासूबाईंनी मला कधी घाल म्हटलं नाही. मी दोन-तीन दिवस वाट पाहिली आणि मग मीच म्हणाले, "आई, ढब्बूला नेऊ का?"

"तुझं मूल आहे, तू ठरव."

"तुमचा नातू आहे."

"म्हणूनच मी काही बोलत नाही," त्या म्हणाल्या.

मी नेलं. त्याच आठवड्यात पलीकडच्या गल्लीतल्या शिवणवालीने आपल्या मुलीला नेलं. ही शिवणवाली घरीच मशीन चालवायची, उशांचे अभ्रे आणि कारखान्यातल्या कामगारांचे जाड अंगरखे शिवायची. बोलायला कमी, हाताला सफाई. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेली मुलगी. पुढे चालायला लागल्यावर ती पोर एका जागी गोल गोल फिरायची आणि भोवळ येऊन धप्पकन खाली बसली की हसायची, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायला लागले. सासूबाईंच्या कामातली ती सगळ्यांत सोपी भेट. ताप मोजून घ्यायची, काचेची नळी बघून हात पुढे करायची. बाकीची मुलं पेटी बघून पळायची, ही पेटीवर बसायची.

दीड वर्षाची झाली आणि तिला ताप आला.

शिवणवालीने वेळ दवडली नाही. अंग गरम लागताच शेजारणीला धाडलं, सासूबाई धावत गेल्या, केंद्राची गाडी आली, दुपार व्हायच्या आत पोर इस्पितळात होती. शिरेतून औषध सुरू झालं. जे करायचं ते सगळं झालं, उशीर कुठेच झाला नाही, हे मी सांगते कारण पुढे लोक काहीबाही बोलले. भिंगरी दुसऱ्या दिवशी दुपारी गेली.

मी डबा घेऊन गेले होते. वॉर्डाच्या बाहेर लांब बाक होता, त्यावर शिवणवाली आणि सासूबाई शेजारी शेजारी बसल्या होत्या. शिवणवाली रडत नव्हती. तिच्या मांडीवर मुलीचं झबलं होतं आणि ती त्याची शिवण बोटाने चाचपत होती.

"मावशी, तिला खरी होती की दुसरी?"

"माहीत नाही गं."

"विचारा ना कुणाला. तुमची ओळख आहे."

"विचारून सांगत नाहीत. आणखी वर्षभर तरी नाही. मला कळलं असतं तर मी तुला सांगितलं असतं."

"दुसरीच असणार," शिवणवाली म्हणाली. "खरी असती तर ती उठून बसली असती."

सासूबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि शिवणवालीने तो हळूच बाजूला केला.

त्यानंतरचं वर्ष आमच्या घराला जड गेलं. आधी कुजबुज होती, मग लोक तोंडावर बोलायला लागले. पेटीबाईने आपल्या नातवाला खरी देववली आणि लोकांच्या पोरांना दुसरी. ढब्बू धट्टाकट्टा गल्लीभर पळत होता, त्याला बघून बायका एकमेकींकडे बघायच्या. नळावर मी गेले की बोलणं थांबायचं. कारखान्यात नवऱ्याला कुणी तरी म्हणालं, "तुझं काय, तुझ्या घरात खरी आहे." तो त्या दिवशी घरी आला तोच भडकून.

"आई, सोड ते काम. आपल्याला तोंड दाखवायला जागा राहिली नाही."

सासूबाई पेटीतले बर्फाचे पुडे पुसत होत्या. "सोडते," त्या म्हणाल्या. "मग उद्यापासून या सगळ्या मुलांचे ताप कोण बघणार? तू?"

"दुसरी कुणी येईल."

"येईल. वस्ती ओळखीची व्हायला तिला वर्ष लागेल." त्यांनी झाकण लावलं. "आणि हे काम अर्ध्यात मोडलं तर काहीच कळणार नाही. लस चालते का नाही, काहीच नाही. मग ती पोर उगाच गेली असं होईल. मला ते चालणार नाही."

सासूबाई जात राहिल्या. काही दारं उघडली नाहीत, तर त्या बाहेरूनच विचारायच्या, "बाळ बरं आहे ना? बरं असलं तर आतूनच हो म्हण." आतून हो आलं की पुढच्या दाराला. शिवणवालीच्या दारात त्यांचं आता काही काम नव्हतं. तरी त्या तिथे क्षणभर थांबायच्या. आतून मशीनचा आवाज यायचा, मग त्या पुढे जायच्या.

शेवटी निकाल लागला. डॉक्टरबाईंनी वस्तीतल्या शाळेच्या सभागृहात सगळ्या आईबापांना बोलावलं आणि फळ्यावर न लिहिता, साध्या शब्दांत सांगितलं. दुसरी सुई मिळालेल्या मुलांत जेवढ्यांना ताप आला, त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतक्याच मुलांना तो नव्या लशीच्या गटात आला. लस काम करते. ज्यांना दुसरी मिळाली होती त्या सगळ्यांना आता नवी देणार. लोक टाळ्या वाजवायला लागले. मी मागे वळून पाहिलं. शिवणवाली आली नव्हती.

कुणाला कुठली मिळाली, ते मग प्रत्येक घराला वेगवेगळं सांगितलं. आमच्या ढब्बूला दुसरी होती.

मी ते ऐकलं आणि आधी ढब्बूला जवळ ओढलं. एवढे दिवस हे पोर त्या तापापुढे तसंच उघडं फिरत होतं, केवळ तो त्याच्या वाट्याला आला नाही म्हणून वाचलं. आणि मग, खरं सांगते, मला आनंद झाला. मी म्हणाले, "आई, आता सगळ्यांना सांगू. नळावर जाऊन मोठ्याने सांगते. बघू कोण काय बोलतं."

"नाही सांगायचं."

"का पण? वर्षभर शिव्या खाल्ल्या आपण."

"भिंगरीला खरी होती," त्या म्हणाल्या.

नळाकडे निघालेली मी परत फिरले.

"डॉक्टरबाई उद्या तिच्याकडे जाणार आहेत, मीही जाणार आहे. तिला एवढंच कळू दे. आपलं पोर दुसरीवर जगलं आणि तिचं खरीवर गेलं, हे आज तिच्या दारात नेऊन मांडायचं? तिच्या दुःखात आपली अब्रू धुवायला जायचं नाही."

त्या भेटीला मी नव्हते. सासूबाईंनी नंतर सांगितलं ते असं. शिवणवाली मशीनवर होती. डॉक्टरबाईंनी सांगितलं तशी तिने चाकावर हात ठेवून मशीन थांबवलं.

"नीट बघितलंत? नावात घोटाळा नाही ना?"

"तीनदा बघितलं. दोन्ही वेळच्या सुया खरीच्याच होत्या."

"मग तुमची लस खोटी आहे."

"खोटी नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "अपुरी आहे. तीन मुलांना ताप यायचा तिथे ती दोघांना वाचवते. एकाला वाचवत नाही. का, ते आम्हाला अजून कळलेलं नाही."

"वर्षभर मी म्हणत होते, तिला खरी मिळाली असती तर. तेवढं एक धरून होते मी." शिवणवालीने शिवत असलेलं कापड मशीनखालून ओढून काढलं. "आता तेही नेलंत. या तुम्ही."

बाहेर आल्यावर डॉक्टरबाई भरभर गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या. टोकाला थांबून म्हणाल्या, "मावशी, हिला सांगायला माझ्याकडे काही तरी असायला हवं होतं."

ते असण्यासाठीच पुढचं काम सुरू झालं. खरी मिळूनही ज्यांना ताप आला, त्या मुलांच्या रक्तात काय कमी पडलं ते शोधायचं होतं. प्रत्येक मुलाचं लशीच्या आधीचं आणि नंतरचं थोडं रक्त केंद्रात गोठवून ठेवलेलं होतं. पण ते ज्या तपासण्यांसाठी घेतलं होतं त्या संपल्या होत्या. नव्या तपासणीसाठी आईबापांना पुन्हा विचारणं भाग होतं. बाकीच्या घरांत सासूबाई लगेच जाऊन आल्या. शिवणवालीकडे जायला त्यांना बरेच दिवस लागले. या वेळी मीही बरोबर गेले, कारण त्या एकट्या जायला तयार नव्हत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला "चल ना गं" म्हटलं.

शिवणवालीने आत घेतलं. सासूबाईंनी काय हवं ते सांगितलं. ती ऐकत होती, आणि मधेच तिचा चेहरा बदलला.

"तिचं रक्त आहे? अजून?"

"आहे. गोठवलेलं."

"कुठे?"

"केंद्रात. थंड कपाटात."

ती उठली, पुन्हा बसली. "मला वाटलं तिचं काही राहिलं नाही," ती म्हणाली. "कपडे मीच देऊन टाकले." मग म्हणाली, "मला बघायचंय. मग सांगते काय ते."

असं बघायला कुणी आलेलं नव्हतं आणि त्याची पद्धतही नव्हती. डॉक्टरबाईंनी कुणाकुणाशी बोलून परवानगी काढली. एका सकाळी आम्ही तिघी बसने नदीपलीकडे गेलो. सासूबाईंच्या खांद्यावर पेटी नव्हती, त्यामुळे त्या सरळ चालत होत्या आणि ते बघायला चमत्कारिक वाटत होतं.

थंड कपाटांची खोली तळमजल्यावर होती. बाहेर चपला काढून दुसऱ्या घालायच्या. आत कपाटांची एकसुरी घरघर, जमीन धुतलेली, भिंतीवर प्रत्येक कपाटाचं तापमान दाखवणारे लाल आकडे. खोली सांभाळणारा माणूस वयस्क होता. त्याने जाड हातमोजे घातले आणि शिवणवालीला म्हणाला, "ताई, नळी बाहेर फार वेळ ठेवता येत नाही. वितळायला लागली तर बिघडते. मी काढतो, तुम्ही बघा, मी ठेवतो. चालेल?"

तिने मान हलवली.

त्याने दार उघडलं तशी पांढरी वाफ जमिनीवर उतरली. एक खण, त्यातली एक पेटी, पेटीतली एक नळी. करंगळीच्या पेराएवढी. बर्फाचा थर त्याने अंगठ्याने पुसला, आत तळाशी फिकट पिवळं काहीतरी गोठलेलं होतं.

"लाल नाही?" शिवणवालीने विचारलं.

"लाल भाग काढून टाकतात. हे वरचं पाणी. आजाराशी लढायचं जे असतं ते यात असतं."

तिने हात पुढे केला आणि स्वतःच मागे घेतला. त्या माणसाने नळी तिच्या डोळ्यांसमोर धरली, जरा जास्तच वेळ धरली असं मला वाटलं, आणि मग परत जागेवर ठेवली. दार लागलं. शिवणवाली त्या बंद दाराकडे बघत म्हणाली, "घ्या तुम्हाला हवं तेवढं. पण सगळं संपवू नका. थोडं राहू द्या."

"राहील," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मी सांगून ठेवते."

बाहेर बसथांब्यावर आम्ही उभ्या होतो. बस यायला वेळ होता. शिवणवालीने सासूबाईंना विचारलं, "मावशी, तुमच्या ढब्बूला कुठली होती?"

सासूबाई खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या, आणि आताही खोटं बोलल्या नाहीत.

"दुसरी."

शिवणवाली रस्त्याकडे बघत राहिली. एक ट्रक गेला, मग एक सायकलवाला.

"लोक तुम्हाला काय काय म्हणाले. मीही म्हणाले. तुम्ही सांगितलं का नाही?"

"तू विचारलं नव्हतंस."

"आज विचारलं नसतं तर?"

"तर नसतं सांगितलं."

तेवढ्यात बस आली. आत एकच जागा रिकामी होती, ती शिवणवालीने सासूबाईंना दिली आणि त्यांच्या जवळ उभी राहिली.

तपासणीला पुष्कळ महिने लागले. मग एक दिवस डॉक्टरबाई आमच्या घरी आल्या. चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग मुद्द्यावर आल्या. ज्या मुलांत लस फसली, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या पहिल्या रक्तात, म्हणजे लशीच्या आधीच्या, आईकडून आलेलं संरक्षण भरपूर होतं. आईला कधी तरी तो आजार हलकासा होऊन गेलेला असतो, तिच्या रक्तातली ती ताकद पोटातल्या बाळाला मिळते आणि काही महिने पुरते. पण ती अंगात असताना लस टोचली, तर बाळाचं शरीर लशीची दखलच घेत नाही. त्याला स्वतःला काही शिकावं लागत नाही. पुढे आईचं संरक्षण विरून जातं आणि मूल रिकामं राहतं. यावर उपाय सोपा होता. मूल वर्षाचं झाल्यावर आणखी एक सुई. तसा नवा अभ्यास सुरू होणार होता.

सासूबाईंनी कप खाली ठेवला. "भिंगरीच्या रक्तातही?"

"हो. पण मावशी, एका मुलाबद्दल असं छातीठोक सांगता येत नाही. सगळ्यांचं मिळून तसं दिसतं, एवढंच."

"तिला हे सांगायचं?"

"तिने विचारलंय. सांगायला हवं. मीच जाते."

"नको. आईचं होतं तेच आडवं आलं, असं ऐकू जाईल तिला, कोणीही सांगितलं तरी. मला जाऊ दे."

त्या एकट्याच गेल्या. परत आल्या तेव्हा मी पीठ मळत होते. त्या स्वयंपाकघराच्या दाराशी खाली बसल्या आणि आपणहून बोलायला लागल्या, जे त्या सहसा करत नसत.

"सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. ती म्हणाली, म्हणजे माझ्यामुळे. मी म्हटलं, नाही. तू तिला दिलंस ते काही महिने तिच्याजवळ होतं, तेव्हा दुसरं काहीच नव्हतं तिच्याजवळ. ते नसतं तर ती आधीच गेली असती, कुणी सांगावं. आम्ही सुई लवकर दिली. आम्हाला माहीत नव्हतं. चुकलं असेल तर ते आमचं न कळणं चुकलं, तुझं देणं नाही."

"मग?"

"मग ती रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बघितलं मी." त्यांनी गुडघे चोळले. "मीही रडले. दे इकडे ती परात, पाणी जास्त झालंय तुझं."

नव्या अभ्यासासाठी सासूबाई पुन्हा दारोदार फिरल्या. एव्हाना शिवणवालीला मुलगा झाला होता. त्याला घालतेस का असं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "नाही मावशी. आता चिठ्ठीत नाही घालणार मी. लोकांना घाला म्हणून सांगेन, पण मी नाही." आणि तिने खरोखरच सांगितलं. तिच्या गल्लीतल्या ज्या बायका दार उघडत नव्हत्या, त्यांच्याकडे ती स्वतः सासूबाईंबरोबर गेली. केंद्रातल्या एकाला हे जरा विचित्र वाटलं. सासूबाई त्याला म्हणाल्या, "तिने एकदा दिलंय. दोनदा मागायचं नसतं."

तिसऱ्या सुईने फरक पडला. सगळे वाचत नाहीत, अजूनही नाही, पण पूर्वी तिघांतल्या ज्या एकाला लस वाचवत नव्हती, तशांतलेही बहुतेक आता वाचतात. मग मंजुरी, मग औषधांच्या कारखान्यात मोठ्या प्रमाणावर बनवणं, प्रत्येक खेपेची तपासणी, यात आणखी काही वर्षं गेली. लस साध्या दवाखान्यांत आली तेव्हा सासूबाईंचे गुडघे गेले होते आणि पेटी दुसऱ्या कुणाकडे गेली होती.

शिवणवालीच्या मुलाचं लस द्यायचं तान्हेपणीचं वय उलटून गेलं होतं, पण मोठ्या मुलांनाही एक सुई देत होते. तिने निरोप पाठवला, "मावशींना येता येईल का?" दवाखाना चार पावलांवर, तरी मला त्यांना धरून न्यावं लागलं. आत फार गर्दी होती म्हणून त्या बाहेरच्या बाकावर बसल्या. थोड्या वेळाने शिवणवाली मुलाला घेऊन बाहेर आली. मुलगा दंड धरून होता आणि रडलो नाही असं कुणी न विचारताच सांगत होता.

"अर्धा तास बसायला सांगितलंय," शिवणवाली म्हणाली.

"बस की मग."

ती सासूबाईंच्या शेजारी बसली. मुलगा दोघींच्या मधे घुसला. सासूबाईंनी सवयीने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि काढून घेतला. कारखान्याची पाळी सुटली होती. रस्त्याने माणसं घरी चालली होती, आणि त्यांतल्या कुणी कुणी बाकाकडे बघून मान लववत होतं.